वर्गाबाहेरचा वाचक

बारावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत ‘ब्लॉग लिहा’ असा एक प्रश्न येतो. चार गुणांचा, आणि तोही पर्यायी. परीक्षण, ब्लॉग किंवा आवाहन यांपैकी काहीतरी एक लिहायचं. मुलं हा ब्लॉग निळ्या पेनाने उत्तरपत्रिकेवर लिहितात. पट्टीने चौकट आखतात, वर ब्लॉगचं नाव घालतात, खाली प्रतिक्रियांसाठी दोन ओळी मोकळ्या सोडतात आणि पुरवण्यांना दोरा बांधून सगळं पर्यवेक्षकाच्या हातात देतात. पुढे तो ब्लॉग कुणा परीक्षकाच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो. त्याला एकच वाचक, आणि त्या वाचकाची एकच प्रतिक्रिया: साडेतीन. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना मी विचारलं, यातल्या एखाद्या मुलाने कधी खरा ब्लॉग लिहिलाय का हो? ते म्हणाले, “मॅडम, फॉरमॅटचा मार्क जाऊ नये एवढंच बघतो आम्ही.”

मी माध्यमिकला मराठी शिकवते, आठवी ते दहावी. राजापूर तालुक्यात, सड्यालगतच्या, म्हणजे कातळाच्या पठारालगतच्या एका गावात. तालुक्याच्या प्रशिक्षणात सुलभकांनी सुचवलं, वर्गाचा ब्लॉग काढा. आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग चहा आला, मग हजेरीपत्रकावर सह्या झाल्या, आणि प्रशिक्षणात सुचवलेल्या गोष्टींचं जे होतं ते या गोष्टीचंही व्हायला हरकत नव्हती. पण ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. काढावा असं सकाळी वाटे आणि नको असं संध्याकाळी.

काढावा असं का वाटे, ते आधी सांगते. शाळेतल्या लेखनाला तपासणारा असतो, वाचणारा नसतो. मुलांना हे सहावी-सातवीतच कळतं, म्हणून ती तपासणाऱ्यासाठी लिहितात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध दिला की सृष्टी न चुकता हिरवा शालू नेसते, कारण गाईडात ती नेसलेली असते. आठवीतल्या एका मुलाने गेल्या वर्षी शालूपासूनच सुरुवात केली होती. बहुधा पहिल्या परिच्छेदात पाठांतर संपलं असावं, कारण पुढे त्याने एकदम वेगळंच लिहिलं होतं. पहिला मोठा पाऊस लागल्यावर पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लोंढा येतो आणि चढणीचे मासे पाण्याच्या उलट वर येऊ लागतात. रात्री बापूस, काका आणि हा, असे तिघे निघाले. याच्या हातात बत्ती. काका म्हणाला, बत्ती खाली धर, त्यांना आपण दिसता कामा नये. मग पायाला माशांचं लागणं, पाण्याचा मातकट वास, घरी आल्यावर आजीने राखेत मासे घोळून साफ करणं. दीड पान. विरामचिन्हं जवळपास नव्हतीच. मी खाली लाल पेनाने ‘छान’ असं लिहिलं. लाल पेनाला याहून जास्त काही बोलता येत नाही.

हे दीड पान वाचायला हवं होतं ते त्याच्या मोठ्या भावाने. तो नालासोपाऱ्याला राहतो आणि अंधेरीला कामाला जातो. आमच्या गावातली निम्मी घरं अशीच आहेत. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत उघडतात, एरवी कुलपात. गावाबद्दल ज्याला वाचावंसं वाटेल असा माणूस गावात नाहीच, तो लोकलमध्ये उभा आहे आणि त्याच्या हातात फोन आहे. वही तिथवर पोचत नाही. ब्लॉगचा दुवा मात्र वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की गाडी वसईच्या खाडीवर येईपर्यंत वाचून होईल. मुलाने लिहावं आणि ज्याला खरोखर ओढ आहे त्याने वाचावं, यापेक्षा भाषेच्या शिक्षकाला आणखी काय हवं?

दुसरंही एक कारण होतं. वर्गात मी ब्लॉगचा विषय काढला तेव्हा एकाने विचारलं, “बाई, व्हिडिओ नाही त्यात?” मुलांना व्लॉग माहीत आहेत. कोकणातले व्लॉग तर त्यांना पाठ आहेत: कौलारू घर, चुलीवरची भाकरी, हसणारी आजी, वरून फिरणारा ड्रोन. त्या कोकणात कुणी दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालत नाही, आंब्याच्या फवारणीचं कर्ज कुणावर नसतं, आणि शाळा तर बहुतेक नसतेच. मध्यंतरी नववीतल्या एका मुलीने ‘माझे गाव’ या निबंधाची सुरुवात ‘निसर्गरम्य कोकणात आपले सहर्ष स्वागत आहे’ अशी केली. ती स्वतःच्या गावात पाहुण्यासारखी शिरत होती. बाहेरची माणसं येऊन तिचं गाव तिलाच सांगणार असतील, तर तिने ते स्वतः का सांगू नये, आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी का सांगू नये, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही.

अडचणी सांगायच्या तर संगणक कक्षातले निम्मे संगणक बंद आहेत, रेंज सड्यावर गेल्याशिवाय येत नाही, आणि मुलांना ‘ऱ्या’ टंकता येत नाही. ‘पऱ्या’ लिहायला घेतला की ‘पर्या’ होतो. बोलून टंकलं तर फोन त्यांची बोली ऐकतो आणि पुण्याची मराठी लिहून देतो. पण या सगळ्यातून काहीतरी मार्ग निघतो. वाढत चाललेली अडचण वेगळीच आहे. गाईड निदान विकत घ्यावं लागे. आता फोनला सांगितलं की तो कुठल्याही विषयावर गुळगुळीत, निर्दोष, कुणाचाच नसलेला निबंध लिहून देतो, शालूसकट. वर्गाच्या ब्लॉगवर तसले निबंध चढू लागले तर त्यापेक्षा उत्तरपत्रिकेवरचा चार गुणांचा ब्लॉग बरा, तो निदान मुलाच्या अक्षरात असतो.

तसं पाहिलं तर महाराष्ट्रातल्या शाळांना ब्लॉग नवा नाही. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, पाठोपाठ ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आला, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी भराभर ब्लॉग काढले. मोठ्या उत्साहाने आणि पदरमोड करून. त्यांवर शासन निर्णय असत, परिपाठ असत, निकालपत्रकाच्या तयार फायली असत. मीही त्यांचा पुष्कळ उपयोग केला आहे आणि त्या लोकांविषयी मला कृतज्ञताच आहे. पण त्यांतली सगळ्यांच्या कामाला आलेली गोष्ट कोणती, तर वर्णनात्मक नोंदींची यादी. प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलाविषयी वेगळं वाक्य लिहायचं असतं. ती वाक्यं तिथे तयार मिळत. ‘स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगतो’ हे त्यांतलं एक. ते वाक्य किती शाळांतल्या किती मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर जसंच्या तसं उतरलं असेल, देव जाणे. मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेला अनुभव मात्र त्या ब्लॉगांवर मला फारसा दिसला नाही. शाळेचा ब्लॉग म्हटलं की तो शाळेच्या दप्तराकडे झुकतो. दप्तराची सवय फार जुनी आहे.

या उलटसुलट विचारांत मला सेलेस्तँ फ्रेने आठवला. दक्षिण फ्रान्समधल्या डोंगराळ भागातला खेड्यातला शिक्षक. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे वर्गात बोलत राहणं त्याला झेपेना. १९२० साली तो बार-स्युर-लू नावाच्या गावातल्या शाळेत रुजू झाला आणि तीन-चार वर्षांत त्याने वर्गासाठी एक लहानसा हातछापखाना मिळवला. मुलं आपल्या मनाने लिहीत. कुणी वर्गात गोगलगाईंची शर्यत लावली की तिच्यावर लिहिलं जाई. लिहिलेलं सगळे मिळून ऐकत, मतं घेऊन त्यातलं एक निवडत, फळ्यावर ते नीट करत आणि मग मुलंच खिळे जुळवून ते छापत. छापलेली पानं दूर ब्रिटनीतल्या एका शाळेला जात आणि त्या शाळेची पानं इकडे येत. डोंगरातल्या मुलांना समुद्राकाठची मुलं वाचत होती. आज ज्याला आपण वर्गाचा ब्लॉग म्हणू, तो या माणसाने वीज नसतानाही चालेल अशा यंत्रावर काढला होता.

या पद्धतीतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिचा संथपणा. खिळे जुळवणाऱ्या मुलाच्या बोटांतून प्रत्येक अक्षर जातं, आणि तेही उलटं. एक परिच्छेद जुळवायला सकाळ जाते. एवढ्या वेळात हे वाक्य खरंच हवं का, असा विचार मनात येऊन जायला पुरेशी जागा असते. आमच्याकडे बटण आहे. ‘प्रकाशित करा’ असं त्यावर मराठीत लिहिलेलं असतं आणि ते दाबायला काहीच लागत नाही.

फ्रेनेच्या गोष्टीचा पुढचा भाग कमी गोड आहे. १९२८ मध्ये तो सँ-पॉल या गावी बदलून गेला. तिथे एका मुलाने आपलं स्वप्न लिहिलं. शाळेला साहित्य द्यायला मेयर नकार देतो, मुलं त्याच्याविरुद्ध उठतात, झटापट होते, मेयर सुरी काढतो आणि शेवटी स्वप्न पाहणारा मुलगा मेयरला मारून टाकतो. लहान मुलांना पडतात तसलं स्वप्न. वर्गाने ते इतर मजकुरांसारखंच छापलं. डिसेंबर १९३२ मध्ये तेच स्वप्न गावातल्या भिंतींवर पोस्टर होऊन लागलं. शिक्षक मुलांना काय शिकवतो बघा, म्हणून. वर्तमानपत्रं त्यात उतरली. फ्रेनेची मतं डावी होती, आणि ती आवडत नसलेल्यांना हवं ते हातात सापडलं होतं. पुढच्या वसंतात शाळेबाहेर जमाव जमला, आणि १९३३ साली त्याला ती शाळा सोडावी लागली. नंतर त्याने व्हॉन्सला स्वतःची शाळा काढली आणि तिचं नाव झालं, ते वेगळं.

पोस्टरवरचा मजकूर त्या मुलाचाच होता. बदलला होता तो वाचक. वर्गातल्या मुलांपुढे आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांपुढे जे स्वप्न होतं, ते चौकातल्या भिंतीवर पुरावा झालं. फ्रेने तरी मोठा माणूस होता, लढणारा होता, त्याच्यामागे संघटना होती. चढणीच्या माशांवर लिहिणाऱ्या मुलाचं मी ब्लॉगवर टाकलं असतं, तर नालासोपाऱ्याच्या भावाच्या आधी कुणातरी अनोळखी जाणकाराने खाली लिहिलं असतं की हे मासे अंडी घालायला वर चढतात, त्यांना पकडणं चूक आहे. ते खरंही आहे. मी स्वतः ते त्या मुलाला सांगीन, पऱ्यावर उभं राहून सांगीन. पण आयुष्यात पहिल्यांदा मनापासून काही लिहिलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला जगाकडून आलेलं पहिलं वाक्य ते असावं का?

यावर कुणी म्हणेल, मुलांना एवढं जपायचं काय कारण? मार्था पेनचं उदाहरण आहेच. स्कॉटलंडमधली नऊ वर्षांची मुलगी. २०१२ साली तिने शाळेतल्या जेवणाचे फोटो काढून ब्लॉगवर टाकायला सुरुवात केली. जेवणाला दहापैकी गुण द्यायची, घास मोजायची, केस सापडला तर तोही मोजायची. जूनमध्ये तिथल्या कौन्सिलने फोटो काढायला बंदी केली, त्यावर इतका गहजब झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी उठली, आणि त्या गाजावाजात मलावीतल्या मुलांच्या शाळेतल्या जेवणासाठी एक लाख पौंडांहून जास्त देणग्या जमल्या. सुरेख गोष्ट आहे. ती मला हवीहवीशी वाटते, आणि मग मी ती आमच्या शाळेच्या पडवीत आणून बघते. आमच्याकडे आठवीपर्यंत पोषण आहार आहे. खिचडी रोज एक शिक्षक आधी चाखतो आणि चव रजिस्टरमध्ये नोंद करतो. चव चांगली होती, अशीच ती नोंद असते. आठवीतल्या एखाद्या मुलाने खिचडीला दहापैकी तीन गुण दिले तर पहिला फोन मुख्याध्यापकांना येईल. पण रजिस्टर, फोन, खुलासे हे सगळं उतरत उतरत शेवटी जाऊन थांबेल ते खिचडी शिजवणाऱ्या बाईंवर. त्या त्याच मुलाच्या चुलत्याच्या शेजारी राहतात, आणि आलेल्या तांदळाला त्या जबाबदार नाहीत. २०१९ साली मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलांना मीठ-भाकरी खाताना ज्याने चित्रित केलं, त्या पत्रकारावरच आधी गुन्हा दाखल झाला होता. तो पत्रकार होता, प्रौढ होता. मार्थाच्या बाजूला तिचे वडील होते, घरचा संगणक होता आणि एका दिवसात माघार घेणारं कौन्सिल होतं. यांतलं शेवटचं मी मुलांना कुठून आणून देऊ?

मग मी एक मधला रस्ता काढला होता. स्वतःबद्दल, घराबद्दल जे असेल ते वहीत राहील. ब्लॉगवर गाव जाईल: झाडं, सण, जागांची नावं, भाताच्या जुन्या जाती, पाऊस कसा ओळखायचा, कातळावर कोरलेली चित्रं. आमच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, मुलांना त्याचं अप्रूप आहे. हा रस्ता मला महिनाभर फार शहाणपणाचा वाटला. मग नववीतल्या एका मुलीने वाडीच्या विहिरीवर लिहून आणलं. विहीर कुणी खोदली, चिरे कुठून आले, मे महिन्यात पाणी कितव्या पायरीला जातं. आणि पुढे, आजीने सांगितलेलं: या विहिरीवर कोणत्या घरांना चढू देत नसत, त्यांच्या कळशीत पाणी कोण ओतत असे, आणि एकदा कुणी परस्पर पाणी भरलं तेव्हा काय झालं. घरांची नावं होती. माणसं गेली, पण त्यांची नातवंडं याच वर्गात बसतात, दोन्हीकडची. गाव म्हणून जे सुरक्षित समजले होते त्याच्या तळाशी हे होतं. तिकडे सड्याचं लिहायचं तरी कसं? २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण झालं, तेव्हा बाया भर उन्हात कातळावर आडव्या झाल्या आणि पोलिसांनी माणसं उचलली. तालुक्यातल्या घराघरांत त्यावर दोन मतं आहेत, काही घरांत एकाच चुलीवर दोन. ‘आमचा सडा’ या विषयावर मूल जे लिहील त्यातून कोणत्या वाक्याला कोण काय म्हणेल हे मला सांगता येणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलं आहे आणि त्यांची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. आमच्याकडे संमतिपत्र म्हणजे वहीच्या पानावर आईची सही किंवा अंगठा. ती सही सहलीसाठी लागते तशीच याही कामाला मिळेल, विचारायच्या आत मिळेल. ‘बाई सांगतात तर असेल बरं’ असा तिचा अर्थ असतो. अशी संमती हातात आली की माझी जबाबदारी कमी होत नाही.

पण मला खरी भीती वाटते ती पोस्टरांची किंवा कायद्याची नाही. मुलांचं लिखाण विसरलं जायला हवं, असं माझं मत होत चाललंय. तेराव्या वर्षी लिहिलेलं बहुतेक वाईट असतं, उसनं असतं, कधी दुष्टही असतं, आणि तसं असायचा मुलांना हक्क आहे. आमच्या वेळच्या वह्या रद्दीत गेल्या म्हणून आम्ही मोठे होऊ शकलो. नाव घालून शोधल्यावर विसाव्या वर्षी नोकरी देणाऱ्याला किंवा पंचविसाव्या वर्षी स्थळ बघायला आलेल्याला ही वही सापडणार असेल, तर मूल ती लिहितानाच सावध होईल आणि पुन्हा हिरव्या शालूकडे वळेल. वाचक मिळावा म्हणून ब्लॉग काढायचा आणि त्या वाचकाच्या धाकाने मुलांनी परत गाईडात शिरायचं, हे होऊ शकतं. मोठ्या माणसांचं झालेलंच आहे.

याउलट आमची जुनी हस्तलिखितं. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन, मुखपृष्ठावर जिलेटीन पेपर, आत चौदा प्रकारच्या रंगीत महिरपी, आणि दुसऱ्या दिवसापासून काचेच्या कपाटात बंद. किल्ली कार्यालयात. ब्लॉग सगळ्यांना वाचायला देतो, हस्तलिखित कुणालाच देत नाही. मधलं जर काही असेल तर ते भित्तिपत्रक. पाणी प्यायला जाताना कुणीतरी थांबतं, अर्धं वाचतं, ज्याने लिहिलं त्याला ओढून आणतं, ‘हे खोटं आहे हां’ म्हणून त्याच्याशी भांडतं. तसं भांडायला समोर तो असतो, त्याचं तोंड दिसतं. महिन्याने टाचण्या निघतात आणि पान उतरतं.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. दैनिक! रोज. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केलं, पण मला नवल वाटतं ते त्या हातच्या दैनिकाचं. मूठभर वाचकांसाठी एक माणूस रात्री बसून लिहितो आणि सकाळी मुलं ते वाचतात. यात लिहिणारा शिक्षक आहे. आमच्या सगळ्या प्रशिक्षणांत मुलांनी अभिव्यक्त व्हावं असं सांगतात. शिक्षकांनी महिन्याला एक पान लिहावं आणि ते मुलांनी वाचावं, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही. स्वतःचं पान भिंतीवर लागलं आणि आठवीतला पोर त्यासमोर उभा राहून हसू दाबू लागला, की ‘प्रकाशित’ या शब्दाला किती धार असते ते कळतं. मला कळलं आहे, कारण गेल्या जूनपासून भिंतीवर पहिलं पान माझं असतं. पहिलं होतं एस.टी.वर. मुलांनी त्यात तीन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, पैकी दोन बरोबर होत्या.

सध्या असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे मी, मुख्याध्यापक आणि नववीचा वर्ग यांच्यात ठरलं. मुख्याध्यापकांची अट एवढीच की शाळेचं नाव येऊ नये. सगळं लिखाण आधी भिंतीवर लागेल. महिनाभर लोकांच्या डोळ्यांखाली राहील. मग ज्याला वाटेल त्याने म्हणावं, माझं पान बाहेर जाऊ दे. ते ब्लॉगवर जाईल, तोवर त्याला स्वतःलाच त्यात चार ठिकाणी बदल करावासा वाटलेला असतो. नावं नकोत असं मी सुचवलं. त्यावर मागच्या बाकावरून लगेच आलं, “बाई, नाव नाही टाकलं तर आमच्या दादाला कळणार कसं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो वाचक नावावरूनच तर येणार. म्हणून पहिलं नाव आणि वाडी, आडनाव नाही, असं ठरलं. वाडीतल्या माणसाला तेवढं पुरतं आणि बाहेरच्याला त्यातून काही लागत नाही. वाडी पुढे कोणत्या गावची तेही लिहायचं नाही. दहावी झाल्यावर ज्याला हवं त्याने आपलं पान काढून घ्यावं.

विहिरीवर लिहिणाऱ्या मुलीने तास संपल्यावर मला गाठून नीट विचारून घेतलं.

“बाई, मी मागाहून काढा म्हटलं तर काढाल?”

“काढीन.”

“आणि तोपर्यंत कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असला तर?”

“तर तो माझ्या हातात नाही.”

ती थोडा वेळ दप्तराचा पट्टा गुंडाळत उभी राहिली. मग म्हणाली, “मग मी आजीच्या कुळथाच्या पिठीचं देते.” पिठीचं पान पुढच्या आठवड्यात भिंतीवर लागलं. चांगलं आहे, वाडीच्या ग्रुपवर पुष्कळांना आवडेल. विहिरीचं तिने वहीत ठेवलं आहे. ते मी दोनदा वाचलं, आणि ते पिठीपेक्षा कितीतरी चांगलं आहे.